लोणच्याच्या बरणीतला टॉवेल

दाजी, तुमचा टॉवेल माझ्याकडे आहे. पांढरा, लाल काठाचा, एका टोकाला विडीनं जळालेला. तो मी धुतलेला नाही आणि धुणारही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही गेलात त्याला दीड महिना होत आला. पहिल्या दिवसांत तुमच्या दारात जो आला तो तुम्हाला देवमाणूस म्हणून गेला. घोडेगावच्या तुमच्या आत्येभावानं तर सगळ्यांसमोर सांगितलं, की आमचा बापू जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, मेव्हणीला हुंदका आला. दाजी, बांधाच्या अलीकडून मी आणि पलीकडून तुम्ही ज्या आवाजात भांडत होतो, तो आवाज अर्ध्या अवसरी गावाला पाठ होता. वाटेनं जाणारा माणूस सायकल थांबवून ऐकायचा आणि कोण जिंकलं ते विचारून पुढे जायचा.

तेव्हाच मी ठरवलं, की देवमाणूस वगैरे इतरांनी म्हणावं, मी आपलं खरं लिहावं. देवमाणसाला वास येत नाही. तुम्हाला यायचा.

आमच्या आईनं दोघी बहिणींना एकाच गावात दिलं, म्हणजे एकमेकींना धरून राहतील म्हणून. आक्का तुमच्या घरात आली, मागाहून मी शेजारच्या वस्तीवर. आईकडे द्यायला सोनं नव्हतं, तिनं दोघींना आंदण म्हणून एकेक संगमनेरी शेळी दिली. मेंढरं, आपल्या दोन्ही घरांचा जुना धंदा, केव्हाच गेली, रानात कांदा आणि टोमॅटो आला, पण शेळ्यांची खोड काही सुटली नाही. आक्काच्या शेळीचा वंश तुम्ही एका उन्हाळ्यात विकून खाल्लात. माझा टिकला, तो आता पुतळीपर्यंत आला. पुतळी म्हणजे आईच्या शेळीच्या लेकीची नात. सकाळ-संध्याकाळ तांब्या भरून दूध देते आणि कासेला हात लावू देताना मान तिरकी करून बघते, थेट आईसारखी. तिला आजवर बोकडंच झाली. पाट, म्हणजे मादी करडू, एकही नाही. पुतळी गेली की आईचं आंदण संपलं, हे माझ्या डोक्यात कायम असायचं. आणि तुमच्या डोक्यात होता तुमचा तो बोअर, मटणासाठी वाढवतात त्या परदेशी जातीचा बोकड.

तो आला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण तो आमच्याच वडापनं आला. आमचे मालक नारायणगावहून जीप भरत होते आणि तुम्ही जुन्नरच्या पलीकडून कुठल्याशा फार्मवरून तो बोकड घेऊन स्टँडवर उभे. पांढरं अंग, तांबडं डोकं, लोंबते कान, मांड्या अशा की पैलवानानं लाजावं. मालक म्हणाले, "दाजी, टपावर बांधू." तुम्ही म्हणालात, "त्याला उन्हाची सवं न्हाई. मी बसतो टपावं." आणि खरंच तुम्ही टपावर बसलात आणि बोकडाला खिडकीची जागा दिलीत. मंचर येईपर्यंत त्यानं एका बाईची कोथिंबिरीची जुडी खाल्ली आणि एका मास्तरांच्या पिशवीतली लग्नपत्रिका हळदीकुंकवासकट. मास्तर ओरडले तर तुम्ही टपावरून खाली डोकं काढून सांगितलंत, "बोलावणं पोचलं म्हना की." त्या दिवसापासून त्याचं नाव पावणा पडलं.

पावण्याचा कामधंदा एकच. लोकांच्या दुभत्या शेळ्या आणायच्या, त्याला दाखवायच्या, आणि पाच महिन्यांनी बघायचं. करडं व्हायची ती दणकट. दोन महिन्यांतच उचलायला दोन हात लागायचे. हे मी नाकारत नाही. माझ्या बाकीच्या शेळ्या मी तुमच्याकडे आणल्याच की. पण पुतळी नाही.

"दूद आयचं येतं, अंग बापाचं येतं. दोनी फुकटात. आजून काय पायजे तुला?" तुम्ही बांधावरून ओरडायचात.

"आन् खाणं कुणाचं येतं, ते सांगा आदी!"

याचं उत्तर पावणाच द्यायचा, माझी मेथी खाऊन.

माझं म्हणणं साधं होतं. मिश्र पाटी दूध देतात असं तुम्ही म्हणत होता, पण ते पाहिलं कुणी होतं? व्यापारी येतो, काट्यावर घालतो, नर-मादी न बघता घेऊन जातो. एकही पाट वेताला येईपर्यंत कुणी दावणीला ठेवली नाही, तुम्हीसुद्धा नाही. मग मी आईची शेवटची शेळी कशाच्या भरवशावर द्यायची? त्यात बोअरच्या करडाचं डोकं मोठं. पुतळी अडली तर? तुम्ही म्हणायचात, "ती काय पयलारू हाये का? जुळी काडली तिनं हासत हासत." मी म्हणायचे, हसत हसत कशी काढली ते तुम्हाला काय माहीत, तुम्ही तेव्हा मंचरच्या बाजारात होतात. असं हे रोज चालायचं. नवीन मुद्दा कुणाकडेच नव्हता, तरी कंटाळा आला नाही.

आता वासाचं. बोकड माजावर आला की स्वतःच्याच दाढीवर मुततो, हे जुन्या लोकांना माहीत आहे, नव्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा. पावणा हे काम मन लावून करायचा. त्याचा गोठा तुम्ही नेमका बांधाला लागून बांधलात आणि वारा तिकडून माझ्याकडे. धारेच्या वेळी वास आला की दुधात उतरतो आणि दुधातून चहात. मी एकदा तुम्हाला मुद्दाम चहा पाठवला, म्हटलं चव सांगा. तुम्ही फुर्रकन पिऊन निरोप धाडलात, "बेस झालाय, साखर वाईच कमी." कारण तुमचं नाक तोवर कामातून गेलं होतं. तुमच्याच अंगाला आता तो वास यायला लागला होता. आक्कानं तुमचं ताट ओट्यावर आणून ठेवलं आणि अंथरूणही. घोडेगावच्या एसटीत तुमच्या शेजारी बसलेला माणूस पुढच्या थांब्याला उठून उभा राहायचा. तुम्ही घरी येऊन सांगायचात, "आपल्या तालुक्यात वयाला मान हाये राव. मानसं जागा सोडत्यात."

बिबट्याचंही तेच. उसातनं तो सगळ्यांच्या गोठ्यांवर फिरून गेला, जाळ्या ओरबाडल्या, आणि तुमच्या गोठ्याला लांबून वळसा घालून गेला. तुम्ही चिखलातले ठसे दाखवायला अख्खी वस्ती गोळा केलीत. "बगा, हितं आला, हितं थांबला, आन् हितनं माघारी. पावण्याचा वचक!" मी म्हटलं, वचक नाही दाजी, त्यालाही नाक आहे. लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात. तुमच्या या गोष्टीचा मला फार राग यायचा. माणसानं टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो मिठाईसारखा खावा, याला काय अर्थ आहे.

आणि मग तो टॉवेल. शेळी माजावर आहे की नाही ते कळत नसेल तर बोकडाच्या डोक्यावर, शिंगांच्या मागे एक फडकं चोळायचं, झाकणाच्या भांड्यात बंद करून ठेवायचं आणि सकाळी शेळीच्या नाकापुढे धरायचं. शेपूट हलली की समजायचं. ही युक्ती तुम्हाला गुरांच्या डॉक्टरांनी सांगितली. त्यांनी फडकं म्हटलं होतं. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल घेतलात. त्यांनी भांडं म्हटलं होतं, तुम्ही आक्काची लोणच्याची बरणी घेतलीत, पांढरी-पिवळी, चिनीमातीची, तिच्या सासूबाईंच्या वेळची. रोज सकाळी तुम्ही ती बरणी काखेत मारून माझ्या गोठ्यात यायचात आणि एकेका शेळीपुढे धरायचात, देवाला धूप दाखवावा तशी. पुतळीपुढे आलात की मी मध्ये उभी.

तुमच्या किरणसाठी मुलगी बघायला आपण नारायणगावच्या पुढे गेलो, तो दिवस तर आपल्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतील. आक्कानं तुम्हाला घासून घासून अंघोळ घातली होती. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. खांद्यावर टाकायला पिशवीत नवा टॉवेल ठेवला होता, तोही पांढरा, लाल काठाचा. निघायच्या घाईत तुम्ही गोठ्यात डोकावलात आणि कुठला टॉवेल कुठे गेला ते तुम्हालाच ठाऊक. मुलीकडच्या अंगणात आपण बसलो, पोहे आले, मुलगी म्हणजे आपली वैशाली मान खाली घालून उभी. तिचे वडील मुलाच्या नोकरीचं विचारायला तोंड उघडणार, एवढ्यात पडवीतली शेळी दावं तोडून निघाली. पोह्यांच्या ताटल्यांमधनं ती सरळ तुमच्यापाशी आली, तुमच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि शेपूट हलवायला लागली. आक्कानं डोळे मिटून घेतले. तुम्ही शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "जनावराला मानूस कळतं."

मला वाटलं, जमलेलं मोडलं. पण वैशालीचे वडील उठले, तुमच्याजवळ आले, एक मोठा श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पावणं, बोकूड कुठला?"

"बोअर."

"दुभत्या शेळ्यांवं सोडता?"

"सोडतो की. पन आमच्या मेव्हनीची एक शेळी हाये, ती द्यायना."

मग पुढे नोकरी, घर, शेती कुणी विचारली? किरण आणि वैशाली एकमेकांकडे बघून हसली तेवढंच. तुम्ही दोघं व्याही पुतळीबद्दल बोलत होता, आणि मी तिथंच बसले होते! वैशाली अजून सांगते, की माझं लग्न मामंजींच्या टॉवेलनं जमवलं.

घरी आल्यावर आक्कानं तुम्हाला मोटारीच्या पाण्याखाली उभं केलं आणि सांगितलं, की पुन्हा तो टॉवेल या उंबऱ्यात दिसला तर चुलीत घालीन. म्हणून तुम्ही बरणी माझ्या गोठ्यातल्या फळीवर आणून ठेवलीत. "सुमन, तुज्याकडं असूंदे. तुजी भन मला ओट्यावनं पन काडील." आक्का दोन उन्हाळे ती बरणी शोधत होती. वस्तीतल्या प्रत्येक बाईवर संशय घेऊन झाला. माझ्याच ओसरीवर बसून तिनं चोरणारीला शिव्या घातल्या आणि मी हो ला हो करत राहिले.

तुमचं-माझं शेवटचं बोलणं त्याच भांडणाचं होतं. तुम्ही बांधावर बसला होता, ऊन उतरत होतं. तुम्ही नेहमीसारखे ओरडला नाहीत, म्हणून मीही ओरडले नाही.

"सुमन, पुतळीची एक पाट. इकायची न्हाई. दावनीला ठिवायची, वेताला येऊंद्यायची, आन् मंग धार काडून बगायची. मला तेवडं बगायचंय."

"न्हाई म्हंजे न्हाई दाजी."

"मी मेल्यावं तरी देशील का?"

"तवा बगू."

तुम्ही हसलात, चहा मागितलात, प्यालात. कप उपडा ठेवून म्हणालात, "दूद ग्वाड हाये तिचं." दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कांद्याच्या वाफ्यातून मोटार बंद करायला गेलात आणि तिथंच बसलात ते उठला नाहीत. बाकीचं मला लिहायचं नाही.

दहावं झालं, तेरावं झालं. आक्कानं तुमचे सगळे कपडे स्वतः धुतले, साबण लावून, उकळत्या पाण्यात घालून, आणि वाटून टाकले. दोरीवर तुमचे सदरे असे पांढरेशुभ्र वाळत होते, की ते तुमचे वाटतच नव्हते. मग किरण मला म्हणाला, "मावशी, मी चाकणच्या नोकरीवरनं रोज येऊन बोकडाचं करू का? मंचरचा व्यापारी ऐतवारी येतोय." व्यापारी म्हणजे काटा, आणि काटा म्हणजे पुढचं सांगायला नको. वैशाली फोन घेऊन परड्यात गेली.

तवा बगू, असं मी म्हटलं होतं. तवा आला होता.

आणि पुतळी माजावर नाही. तुमच्या हयातीत तिला माज आला की ती वस्ती डोक्यावर घ्यायची आणि मी तिला कोंडायचे. आता मला घाई, तर ती निवांत रवंथ करत बसलेली. तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी सकाळी फळीवरची बरणी काढली.

दाजी, झाकण उघडलं आणि तुम्ही बाहेर आलात. आधी पावणा आला, तो तर यायचाच, डोळ्यांत पाणीच आलं. पण त्याच्याखाली विडी होती, खोबरेल तेल होतं, कांद्याची माती होती. अख्ख्या गावात कुठे उरला नव्हता तो माणूस तिथे घडी घालून ठेवलेला होता. तेरा दिवस लोकांना पाणी देण्यात गेले माझे, मी रडले नव्हते. त्या दिवशी शेणाच्या पाटीवर बसून मोठमोठ्यानं रडले. आणि ऐन रडण्यात पुतळीनं माझ्या खांद्यावरून मान घालून तोंड बरणीत खुपसलं. शेपूट हलत होती.

दुसऱ्या दिवशी ती ओरडायला लागली. मी तिला घेऊन बांध ओलांडला. पावण्यापुढे उभी केली, दावं हातात गुंडाळायला घेतलं, आणि ते गुंडाळून व्हायच्या आत सगळं उरकलं होतं. मी तिथेच उभी राहून तुमच्या रिकाम्या ओट्याकडे बघितलं. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं भांडलो! मला हसू फुटलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून पावण्यालाच सांगितलं.

ऐतवारी व्यापारी यायच्या आत वैशालीचे वडील जीप घेऊन हजर. वैशालीनं फोन कुणाला केला होता ते तेव्हा कळलं. त्यांनी पावण्याला सन्मानानं खिडकीची जागा दिली. किरणनं गोठा धुतला, फिनेल ओतलं, चुना मारला. आता वारा तिकडून येतो त्यात काहीच नसतं. माझा चहा अगदी चांगला होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, साखर वाईच कमी.

पुतळीला तीन आठवडे होऊन गेले, ती परत माजावर आलेली नाही. म्हणजे गाभण राहिली. पोट जरा उतरल्यासारखं वाटतं, का मलाच तसं दिसतं कोण जाणे. मी रोज तिच्या डोळ्यांत बघते. भीती वाटते दाजी, खोटं कशाला सांगू. डोकं मोठं असेल, ती अडेल, आईची शेळी माझ्या हातून जाईल, असं सगळं मनात येतं. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय. पाट झाली तर विकणार नाही. दावणीला ठेवीन, वेताला येऊ देईन आणि पहिली धार काढून तांब्या तुमच्या बांधावर नेऊन ठेवीन. भरला तर तुम्ही जिंकलात. नाही भरला तर तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगेन.

काल आक्का आली होती. आता ती दुपारची येऊन बसते. मी धार काढत होते आणि ती उगाच गोठ्यात इकडे-तिकडे बघत होती. एकदम किंचाळली, "सुमे! माजी बरनी!" फळीवरून तिनं ती खाली घेतली, पदरानं पुसली. इतक्या दिवसांत तिच्या अंगात पहिल्यांदा जोर आला. "भवाने, तू व्हय चोर! आन् माज्यासंगं बसून शिव्या देत व्हतीस? दोन वर्सं मी पलास्टिकच्या डब्यात लोनचं घालतीय! काय भरलंयस यात?" मी नको नको म्हणेपर्यंत तिनं झाकण उपटलं आणि आत तोंड घातलं.

मला वाटलं, आता बरणी फेकते, भिंतीवर फुटते. ज्या बाईनं तुम्हाला वासापायी ओट्यावर झोपवलं, मोटारीखाली उभं केलं, तुमचा शेवटचा बनियनसुद्धा उकळून काढला, ती बरणीत तोंड घालून तशीच उभी राहिली. पुतळीनं मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. बऱ्याच वेळानं आक्कानं तोंड वर काढलं. नाक लाल झालं होतं.

"झाकान घट लाव सुमे," ती म्हणाली, "वास उडून जाईल."

मी लावलं. तिनं स्वतः बरणी परत फळीवर ठेवली, मागे, भिंतीला टेकवून. यंदाचं लोणचं माझ्या बरणीत घालायचं ठरलंय.